सात वाजताचे तीन रकाने

मी, मनमोहन रघुनाथ नवलकर, वय वर्षे एकसष्ट, तार ऑफिसातून निवृत्त, राहणार ठाकूरद्वार, मुंबई, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर माधव कर्णिक यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी दाखला दिलेला नाही. हे लिहावे म्हणून कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून एकाने प्रयत्न केला. त्याचे नाव पुढे येईल.

१. मी १९५१ साली एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात मी बरेच काही माझा मित्र गंगाधर दिघे याला दिले होते. तो आता नाही.

२. माझी पत्नी राजलक्ष्मी १९४४ साली वारली. मूल नाही. माझे दहन चंदनवाडीत करावे. दिवस घालू नयेत. शोकसभा घेऊ नये. हौशी बिनतारी मंडळाच्या लोकांना बोलायची इच्छा होईल. त्यांना नम्रपणे नको म्हणावे. माझ्याविषयी ते जे बोलतील ते त्यांना खरे वाटत असेल, म्हणूनच नको.

३. आमच्या इमारतीत दुसऱ्या माळ्यावर माझा जो हिस्सा आहे, त्यातल्या पुढच्या तीन खोल्या भाचा शशिकांत याला द्याव्यात. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात जे केले ते माझ्याने झाले नव्हते. तो हिशोब मी आणि बहीण दोघेही कधी बोललो नाही. तो इथे मिटतो.

४. त्याच माळ्यावरच्या मागच्या दोन खोल्या श्रीमती कालिंदी गंगाधर दिघे यांच्या मालकीच्या व्हाव्यात. त्या आणि त्यांची मुलगी पद्मजा सध्या तिथे भाड्याने राहतात. ही भरपाई नाही. ती होऊ शकत नाही हे मला कळते. त्यांना खोल्या नको असतील तर त्यांनी विकाव्यात, पण नवलकर घराण्याला परत देऊ नयेत.

५. माझा मोठा रेडिओ खालच्या माळ्यावरच्या अप्पा विजयकर यांना द्यावा. मी मोर्सचा खटका दाबायला बसलो की त्यांच्या रेडिओवरची गाणी खरखरायची. वीस वर्षे त्यांनी ही तक्रार जिन्यात, अंगणात आणि एकदा माझ्या सासऱ्यांपुढेही केली. आता माझा रेडिओ त्यांच्याकडे जाईल आणि खरखर करणारा नसेल.

संदेश पाठवण्याच्या यंत्राचा परवाना माझ्या नावाचा आहे. तो सरकारकडे परत करावा आणि यंत्र मोडीत द्यावे. खटका पद्मजाने मागितला आहे. तो तिला लगेच देऊ नये. तिने आधी कलम सहा वाचावे. मग हवा असेल तर घ्यावा.

६. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात संपर्काची एक वही आणि दोन कार्डे आहेत. ती कालिंदीबाईंच्या हातात द्यावीत. दुसऱ्या कोणाच्या नाही. ती काय आहेत हे समजावे म्हणून खालचा मजकूर.

मालवणहून मचव्याने दीड दिवसावर समुद्रात एक खडप आहे. वस्ती नाही, झाड नाही, पाणी नाही. तिथून तोवर कोणी बिनतारी संदेश पाठवला नव्हता. आमच्या छंदात अशा जागेला फार मोल. तिथून कोणी बोलू लागला की जगभरचे हौशी लोक त्याला गाठायला धडपडतात, आणि गाठल्यावर पुरावा म्हणून त्याचे कार्ड मागतात. संपर्क एकट्याच्या सांगण्याने होत नाही. दोघांच्या वहीत तोच दिवस आणि तीच वेळ असावी लागते. कार्ड म्हणजे त्याची कबुली. बेत माझा होता. माझे हृदय तेव्हाच कुरकुरू लागले होते, म्हणून गेला गंगाधर. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. पंधरा दिवसांची रजा काढली. दौलत तांडेलाने १२ जानेवारी १९५६ रोजी त्याला खडपावर उतरवले. बरोबर तंबू, यंत्र, बॅटऱ्या, शिधा आणि पाण्याचे एक पिंप. दौलत बावीस तारखेला आणायला येणार होता.

माझे काम एकच होते. रोज संध्याकाळी सात वाजता गंगाधर मला हाक देणार, दिवसभरातल्या संपर्कांची यादी सांगणार आणि मी नक्कल उतरवून घेणार. काही अडचण असेल तर तेव्हाच सांगणार. मग मी मालवणला तार करायची आणि मचवा लगेच सुटायचा. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हते.

सोळा तारखेला मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत हे जाहीर झाले. त्यानंतर आमच्या भागात काय झाले ते सांगायला नको. सोळा आणि सतरा तारखेला मी गंगाधरशी बोललो. त्याने विचारले, मुंबईत काय चालले आहे? मी सांगितले, गोळीबार. तो म्हणाला, इथे फार शांत आहे.

अठराच्या दुपारी पोलिसांची गाडी आमच्या नाक्यावर उभी राहिली. एक अधिकारी मान वर करून गच्चीकडे बराच वेळ पाहत होता. तिथे माझ्या यंत्राची तार ताणलेली होती; तिच्याशिवाय पाठवणेही नाही, ऐकणेही नाही. अप्पा विजयकर वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मनमोहन, ती तार उतरव रे. गच्चीवर दिसेल त्याला घालतायत गोळ्या. तुझ्या खटखटीपायी अख्ख्या इमारतीला आत टाकतील."

परवाना माझ्याकडे होता. तो खिशात घालून मी खाली जाऊन अधिकाऱ्याशी बोलू शकलो असतो. मी गच्चीवर रांगत गेलो आणि तार उतरवली. अप्पांना दोष नाही. दोन वर्षे मी मनात त्यांना दोष देत आलो. त्यांनी सांगितले ते शेजाऱ्याने सांगावे तेच होते.

सात वाजता कालिंदीबाई आल्या. त्या रोज मागच्या गॅलरीतून येत. त्या दिवशी वाडीतली मुले छातीवर गोळ्या घेत होती आणि मी दिवा विझवून बसलो होतो. त्यांनी विचारले, "भाऊजी, बोलले का?"

मी हो म्हणालो. ठीक आहे म्हणालो.

त्या गेल्यावर मी वही उघडली. तारीख अठरा, वेळ सात, नोंद कोरी. तार ऑफिसात मी एकतीस वर्षे नोकरी केली. रकाना रिकामा ठेवायचा नाही हे तिथे हाडात मुरले. मी लिहिले: ऐकू आला, आवाज स्वच्छ, सर्व ठीक. एकोणीसला तेच लिहिले. वीसलाही. शाईचा रंग, अक्षर, सगळे आदल्या नोंदींसारखे. आज ती पाने पाहिली तर खऱ्या आणि खोट्या नोंदी मला स्वतःलाही वेगळ्या करता येत नाहीत.

एकवीसला मी पुन्हा तार चढवली आणि सातला हाक दिली. उत्तर आले नाही. ते मात्र खरे लिहिले. कालिंदीबाईंना म्हणालो, बॅटरी संपली असेल, उद्या मचवा पोहोचतोच आहे.

मचवा पोहोचला तेव्हा गंगाधर गेलेला होता. मालवणच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडले असे लिहिले. त्याची वही भरतीच्या पाण्यात गेली. दौलत मुंबईला आला तेव्हा इतर कोणाला बोलला नाही ते मला बोलला. पिंपाच्या फळ्या फुटल्या होत्या. आत पाणी नव्हते.

माझ्या वहीवरून सगळ्यांनी मानले की वीस तारखेपर्यंत तो सुखरूप होता आणि मग एकाएकी गेला. मंडळाने माझा सत्कार केला. त्याच्याशी शेवटचे बोललेला मी. मार्चमध्ये कालिंदीबाईंनी शेवटच्या संपर्काचे कार्ड मागितले. खडपाच्या केंद्राची कार्डे पाठवण्याचे काम माझ्याकडेच होते. गंगाधरच्या वतीने, माझ्याच नावे, मी कार्ड भरले: २० जानेवारी, सात वाजता, सर्व ठीक. ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवले आहे. रोज त्यावर फूल असते.

मे महिन्यात सिलोनहून एक कार्ड आले. पाठवणारा शाळामास्तर. त्याच्याकडे फक्त ऐकण्याचे यंत्र, बोलण्याचे नाही. त्याने लिहिले होते की १८ जानेवारीला, ग्रिनिचच्या दुपारच्या दीड वाजता, तुमचे केंद्र मुंबईला हाक देताना ऐकले. संदेश असा: पिंप घसरून फुटले. त्याखाली ऐकण्याचे यंत्र सापडले, तेही गेले. मचवा पाठवा. पुढे मास्तराने स्वतःचे म्हणून लिहिले होते: मुंबईचे उत्तर मला ऐकू आले नाही, पण इतक्या अंतरावर तसे होते. मचवा वेळेत पोहोचला असेल अशी आशा.

ग्रिनिचच्या वेळेत मी तीनदा साडेपाच तास मिळवून पाहिले. सातच येतात.

दुसरे कार्ड पत्ता चुकत चुकत १९५७ च्या फेब्रुवारीत आले. मॉरिशसच्या एका माणसाचे. १९ जानेवारी, तीच वेळ. त्याने गंगाधरचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत, कारण ते फार सावकाश पाठवले होते: "मनमोहन, मला काही ऐकू येत नाही. पण तू ऐकतो आहेस हे माहीत आहे. पाणी."

वीस तारखेचे कार्ड अजून आलेले नाही. येणार नाही असेही नाही. ही कार्डे यायला जितका वेळ लागतो तितका लागतो.

शशिकांतला मी हे दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "मामा, गंगाधरकाकांना आता काय फरक पडणार आहे? पडेल तो त्या बाईंना. त्यांना वाटतं ते झटकन गेले. ते तेवढं राहू द्या. जाळून टाका." त्याचे म्हणणे वाईट हेतूचे नाही. मी कार्डे शेगडीपर्यंत नेली होती. परत आणली. म्हणूनच या कागदाची व्यवस्था पाहायला त्याला नेमत नाही.

७. या कागदाची अंमलबजावणी डॉक्टर माधव कर्णिक यांनी करावी. कलम सहा पहिल्या दिवशी, बाकी सवडीने.

हा मजकूर १४ नोव्हेंबरला लिहून झाला. सही दोन साक्षीदारांसमोर करायची म्हणून कागद पडून होता. दरम्यान जे घडले त्यामुळे कलम सहातली व्यवस्था बदलली. पुन्हा लिहून काढता आले असते. लिहिलेले तसेच ठेवत आहे, पुढचे खाली जोडत आहे.

पंधरा तारखेला दुपारी कालिंदीबाई माझे ताट घेऊन आल्या. मी आजारी पडल्यापासून माझे जेवण त्यांच्याकडून येते. गंगाधरने खडपावरून गाठलेल्या लोकांची कार्डे अधूनमधून अजून येतात, आणि ती मी त्यांना देत आलो आहे. परक्या माणसांनी नवऱ्याचे कौतुक केलेले त्यांना वाचायला आवडे. ताट ठेवून त्यांनी विचारले, "आलेली सगळी कार्डं मला दिलीत ना, भाऊजी?"

सहज विचारले. रोज भाजीत मीठ आहे का विचारतात तसे.

मी खण उघडला. वही दिली, दोन्ही कार्डे दिली. त्यांनी उभ्यानेच वाचले. इंग्रजी त्यांना चांगले येते. मॉरिशसचे कार्ड दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "मी रोज येत होते. तुमच्या दारात उभी होते."

मी हो म्हणालो.

"नाही बोलले असं म्हणाला असतात तर मी खाली गेले असते. गोळी लागली असती तरी तार केली असती."

मी यालाही हो म्हणालो. दुसरे काही खरे नव्हते. मग मी देव्हाऱ्यातले कार्ड परत मागितले. म्हणाल्या, "राहू दे तिथेच. तुमच्या अक्षरातलं आहे."

त्यांनी आणखी एकच गोष्ट मागितली. माझ्या नावाची टपालपेटी बोरीबंदरच्या पोस्टात आहे. यापुढे त्यातले टपाल त्या काढतील आणि मी त्यातले काही उघडणार नाही. मी पोस्टमास्तरांच्या नावे तसे लिहून दिले. तेव्हापासून दर शनिवारी त्या जातात. माझे ताट रोज येते. चव तीच आहे. त्या काही बोलत नाहीत आणि माझी भीती नेमकी कशाची आहे हे मला सांगता येत नाही. त्यांनी कोणाकडे तक्रार केलेली नाही. करायची असल्यास कलम सहा माझा कबुलीजबाब म्हणून वापरावा. माझी हरकत नाही, जिवंत असलो तरी.

परवाच्या शनिवारी, २९ नोव्हेंबरला, त्या पोस्टातून परतल्याची पावले मी ऐकली. माझ्या दारापाशी थांबली नाहीत. ताट पद्मजा घेऊन आली. मी विचारले, आई कुठे आहे?

"खोलीत. वाचतेय," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहत उभी राहिली. "आईने सांगितलंय, काही विचारलंत तर सांगू नकोस."

मी विचारले नाही. वीस तारखेला सात वाजता गंगाधर काय म्हणाला हे कोणी ऐकले असेल आणि ते आता या माळ्यावर मागच्या खोलीत आले असेल, तर ते श्रीमती कालिंदी दिघे यांचे आहे. ते पाहण्याचा, ऐकण्याचा किंवा मागण्याचा माझा हक्क मी या कागदाने कायमचा सोडत आहे.

ठिकाण: ठाकूरद्वार, मुंबई
दिनांक: २ डिसेंबर १९५८

(सही) मनमोहन रघुनाथ नवलकर

आम्हा दोघांच्या समक्ष वरील इसमाने वाचून, समजून सही केली. सही करताना हात स्थिर होता.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. माधव विनायक कर्णिक, माहीम
२. (सही) गुणाजी बाबाजी सावंत, तार ऑफिसातून निवृत्त, परळ