पावसात मोजलेला रस्ता

सुरवाल, सोमवार दुपार

आदरणीय दुमेंग मामा,

लॉयटहोल्ड बाई गुरुवारी सकाळी नऊच्या बसनं सायकल घेऊन येणार, हे आता पक्कं झालं आहे. बसचालक यॉननं सायकलच्या आरक्षणाची चिठ्ठी स्वतः पाहिली आणि प्रवासी तसेच बसवून ठेवून, माझ्या दाराशी बस थांबवून मला सांगितलं. आता तुम्हाला नमस्कार करतो. खरं तर तो आधी करायला हवा होता, पण मन थाऱ्यावर नाही. तुमची तब्येत ठीक असावी, मामींचा खोकला गेला असावा आणि कानातलं यंत्र खिशात नसून कानात असावं. इकडे मी, सहा गाई आणि एक चिंता असे सगळे सुखरूप आहोत. फोनच करणार होतो, पण गेल्या वेळी मी गाय व्याल्याचं कळवलं आणि तुम्ही काळा कोट घालून सांत्वनाला आलात, म्हणून लिहितो.

या बाई म्हणजे शांत रस्त्यांचे सायकल-नकाशे काढणाऱ्या मंडळाच्या तपासनीस. तासाला दहापेक्षा जास्त वाहनं जातात तो रस्ता त्यांच्या नकाशात येत नाही. सुरवालपासून खिंडीपर्यंतचा आपला चौदा किलोमीटरचा घाट त्यात यावा, असा अर्ज मीच केला. खिंडीतलं विश्रामगृह आपल्या ब्राइदानं चालवायला घेतलंय, त्याला दोन उन्हाळे झाले. मोटारवाले इकडे फारसे येत नाहीत, आणि आले तर फोटो काढतात, शौचालय कुठंय विचारतात आणि जातात. सायकलवाला मात्र दोन हजार मीटर उंचीवर पोचला की जवाचं सूप आणि वर अक्रोडाचा केक खाल्ल्याशिवाय हलूच शकत नाही. नकाशात नाव आलं तर माझी पोरगी इथंच राहील. नाही आलं तर ऑक्टोबरात झुरिकला एखाद्या हॉटेलात नोकरी धरेल, असं तिनं मला पातेलं घासता घासता सांगितलं. (रडली नाही. रडली असती तर मी इतका घाबरलो नसतो.)

मंडळाची अट अशी की गावातल्याच कुणीतरी हंगामात सहा दिवस वाहनं मोजून पाठवायची. हे काम मी मन लावून केलं. चॅपेलजवळच्या बाकावर छत्री धरून सहा दिवस, सकाळी नऊ ते बारा, वही मांडीवर घेऊन बसलो. सगळ्यात जास्त वर्दळीच्या दिवशी तीन तासांत पाच वाहनं गेली: बस जाताना आणि येताना, ढोरांच्या डॉक्टरची जीप, आणि एक डच कुटुंब दोनदा. (ते खरं तर तीनदा गेलं, पण तिसऱ्यांदा त्यांनी मलाच रस्ता विचारला, तेव्हा मोजणं बरं दिसेना.) उरलेल्या दिवशी तर बस आणि पाऊस, बाकी काही नाही. आकडे पाठवले. मंडळाचं उत्तर आलं की एवढी शांतता आल्प्समध्ये क्वचितच कुठं नोंदली गेली असेल, तरी प्रत्यक्ष खात्री करून घेऊ. मी ते पत्र दुकानात तिघांना वाचून दाखवलं. तिथंच थांबायला हवं होतं.

पण अर्जात एक रकाना रिकामा राहिला होता, 'उतार कितपत अवघड?' अंदाजानं लिहिणं मला जमत नाही, म्हणून ब्राइदाची सायकल घेतली, बसनं खिंडीत गेलो आणि खाली सुटलो. पहिले चार किलोमीटर मला वाटलं की मी चाळीस वर्षं उगाच ट्रॅक्टरवर घालवली. पाचव्या किलोमीटरला ब्रेक तापले. सहाव्याला वळण आलं आणि वळणावर शेजारच्या येर्ग्लीच्या गाई आल्या. गाईंनी मला ओळखलं आणि त्या जागच्या हलल्या नाहीत, म्हणून मी हललो, तो थेट कुरणाच्या विजेच्या कुंपणावर आणि तिथून खाजऱ्या झुडपात. अर्ध्या तासानं पहिलं वाहन आलं ते ढोरांच्या डॉक्टरचं. काच खाली करून म्हणतो, "गुदेंच, माणसांचं मी बघत नाही, पण उठ आणि लंगडून दाखव." मी लंगडून दाखवलं. "गाय असतास तर म्हटलं असतं, दोन दिवस गोठ्यात ठेवा," म्हणाला आणि मला सायकलसकट जीपमध्ये मागं टाकून घरी सोडलं. रकान्यात मी 'मध्यम' लिहिलं.

खरा घोळ गेल्या बुधवारी कळला. दोन आठवड्यांच्या पावसानंतर अडीच दिवस ऊन पडलं, तुम्हाला आठवत असेल. खालच्या कुरणातलं गवत मी ट्रॉलीत भरलं आणि रस्त्यावर आलो, तर हलताच येईना. पुढं येर्ग्लीची ट्रॉली, त्याच्यापुढं चार ट्रॅक्टर, वरून दोन येताहेत, एका ट्रॉलीवर बायका दाताळी घेऊन बसलेल्या. मी वैतागून ओरडलो, "आज कुठून आली ही एवढी गर्दी?" मागून शिट्टी आली आणि कुणीतरी ओरडलं, "ए मोजणीदार, मोजत बसू नकोस, हल पुढं! ढग आलेत!" तेव्हा मामा, मला कळलं. मी सहाही दिवस पावसाचे धरले होते. मुद्दाम नाही हो! कोरड्या दिवशी मी गवतात असतो, मोजायला वेळ कुठला? आणि मीच काय, कोरड्या दिवशी अख्खं खोरं गवतात असतं, तेही त्याच रस्त्यानं. सायकलवाले मात्र पावसात येत नाहीत. तिथल्या तिथं मोजलं: दहा मिनिटांत एकोणीस. विसावा मी.

तेव्हापासून जेवण जात नाही. (काल जेवलो, पण चव लागली नाही.) मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
गुदेंच

ता. क. एक अगदी छोटी गोष्ट. उद्यापासून कोरडं आहे आणि शुक्रवारी दुपारी वादळ, असं रेडिओ सांगतोय. तुमच्या उतारावरचं गवत आडवं झाल्याशिवाय सुरवालमध्ये कुणी यंत्र बाहेर काढत नाही. उद्या तुम्ही कापलंत तर सगळे कापतील आणि दोन दिवस वाळवून गुरुवारी सगळेच गवत वाहतील. तुम्ही फक्त परवापर्यंत थांबलात तर वाहणं शुक्रवार सकाळवर जाईल. ब्राइदासाठी एवढं कराल का? उद्या सकाळी यॉन पहिल्या फेरीला हे पत्र देईल, तोवर यंत्राला हात लावू नका.

आणखी एक ता. क. वरचं लिहून गोठ्यात गेलो आणि भानावर आलो तेव्हा माझ्या हातात वंगणाचा डबा होता आणि यंत्राला तेल देऊन झालेलं होतं. शुक्रवारी वादळ लवकर आलं तर माझं सगळं गवत भिजेल, आणि तुमचंही. असलं मी तुम्हाला लिहूच कसं शकलो? विनंती मागे घेतो. उद्या किती वाजता सुरुवात करणार तेवढं यॉनजवळ कळवा, तुमच्याआधी मी करणार नाही.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवणार तोच ब्राइदाचा फोन आला. तिनं बाईंना पावसातल्या मोजणीचं सगळं शनिवारीच सांगून टाकलंय. मी म्हटलं, "अगं, निदान बारानंतर मोजायला सांग, तेव्हा सगळं खोरं जेवत असतं." तर म्हणाली, "बाबा, बारानंतर त्याही जेवणारच ना!" बाईंचं म्हणणं असं की खरं सांगितलंत हे बरं केलंत, पण आकडा तो आकडा. गुरुवारी नऊ ते बारा त्या स्वतः चॅपेलजवळच्या बाकावर बसून मोजतील, मग सायकलनं वर जाऊन निर्णय ब्राइदाला समोरासमोर सांगतील. आमचं कुरण त्या बाकाला लागूनच आहे. गुरुवार कोरडाच जाईल, असं रेडिओ अजूनही म्हणतोय. माझी पहिली ट्रॉली साडेनऊला भरेल.