प्लास्टिकच्या पिशवीतला पट्टा

प्रिय दादा,

तुझं तेरावं झालं. आज संध्याकाळी वाडीतल्या शाळेत तुझ्यासाठी सभा भरली आणि तिथे जे ऐकलं, त्याचा राग अजून उतरलेला नाही. तो काढू कोणावर? तूच ऐक. निम्मा तुझ्यावरचाच आहे.

ज्या लॉजच्या छपरावरून तू पडलास, त्याचे मालक आधी उठले. म्हणाले, "बापू म्हणजे जुना गडी. पट्टा नाही, दोरी नाही. मांजरासारखा कौलांवर चालायचा." लोकांनी माना डोलावल्या! शेवाळलेल्या कौलावरून घसरून गेलेल्या माणसाची ही स्तुती झाली का रे? छपराखाली उभं राहून कौतुक करायला काय जातं?

आणि पट्टा नव्हता कसा? होता. वहिनीने बचत गटातल्या बायकांबरोबर रत्नागिरीला जाऊन आणला होता. कमरेला आणि मांड्यांना आवळायचा, मागे दोरी, दोरीची कडी आढ्याला अडकवायची. तू भर अंगणात म्हणालास, "मी काय बैल आहे काय गो, दाव्याला बांधायला?" सगळे हसले. वहिनीही हसली. मग आत जाऊन चुलीपाशी बराच वेळ पाठमोरी बसली. तुला कुठे दिसलं ते?

नव्या वस्तूंवरचा तुझा अविश्वास कुठून आला, हे मला माहीत आहे. मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेला तो वीस तोंडांचा पेचकस! पंपाचा पहिलाच गंजलेला स्क्रू सोडवताना त्याचं तोंड पिळवटलं. मग ते बॅटरीवरचं ड्रिल. आपल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत त्याने भोक पाडलं खरं, पण खाऱ्या हवेत वर्षभरही टिकलं नाही. असला माल विकणाऱ्यांवर तू चिडायचास, तेव्हा मी तुझ्याच बाजूने होते. आजही आहे. घरात चालणारं एक साधं अवजार असताना चकचकीत दुसरं घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

पण दादा, पट्टा त्या रांगेतला होता का? काम झटपट उरकणारी वस्तू वेगळी आणि संध्याकाळी माणसाला घरी परत आणणारी वेगळी. फळी घेतानासुद्धा तू बोटांनी ठोकून पाहायचास. पट्टा एकदा तरी अंगावर चढवून का नाही पाहिलास?

वर खंडेनवमीला त्याची पूजा केलीस! हातोडी, करवत, रंधा धुऊन पाटावर मांडलेस आणि शेजारी पट्टा, पिशवीसकट. "नवा आहे, मळेल," म्हणालास. प्लास्टिकवर कुंकू, प्लास्टिकवर झेंडू. दसरा झाल्यावर हातोडी कामाला गेली, पट्टा फळीवर गेला. आपल्याकडे चांगल्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे ती वापरायची नाही. मुंबईहून आलेली भांडी खोक्यात, जाड चादर ट्रंकेत आणि आपण फाटक्यात कुडकुडत. हा मान नाही, हा आपणच आपला केलेला अपमान आहे.

सभेत मला बोलायला सांगितलं. माझी भाषणं वाडीला माहीत आहेत. लोक सावरून बसले. मी एवढंच म्हटलं, "माझा भाऊ पट्टा न बांधल्यामुळे गेला. त्याच्या धाडसाचं कौतुक ज्याला करायचं असेल, त्याने ते वहिनीच्या तोंडावर करावं." मालक मोबाईल बघू लागले.

घरी आलो तर प्रसादने सांगितलं, तुझं अर्धं राहिलेलं छप्पर पुरं करायला तो उद्या चढणार आहे. मी पट्ट्याचं नाव काढलं. तुझाच मुलगा तो! म्हणाला, "आत्या, पट्टा बांधून गेलो तर लोक म्हणतील, बापूचा पोरगा भित्रा निघाला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी उठली. फळीवरून पिशवी काढली आणि दातांनी फाडली. पट्टा त्याच्या मांडीवर टाकून म्हणाली, "म्हणू देत. मला म्हातारपणी भित्राच मुलगा हवाय."

माझी सगळी भाषणं त्या एका वाक्यापुढे फिकी पडली, दादा.

तर हे माझं वचन. उद्या सकाळी त्या लॉजच्या अंगणात मी खुर्ची टाकून बसणार. प्रसादची कडी आढ्याला लागल्याशिवाय शिडी सोडू देणार नाही. आणि खालून जो हसेल, त्याला छप्पर पुरं होईपर्यंत माझ्यासमोर बसवून ठेवीन. माझा आवाज किती वेळ टिकतो, ते तुला ठाऊक आहेच.

तुझ्यावर रागावलेली, तुझ्याशिवाय ओकीबोकी,
तुझी शालू