दगडाचा मार

सोमवार, १६ ऑगस्ट १८८०
पोहोचलो एकदाचे. होडीत पोटातलं सगळं बाहेर आलं, पण बेटावर पाय टेकताच बरं वाटलं. मी डोंगरातला मेंढपाळ. मुलगी लुईस बेटाच्या किनाऱ्यावर दिली, तिच्यामागे आलो, आणि आता या वयात पक्षी मारणाऱ्यांचा स्वयंपाकी झालो. आम्ही तिघंच : मी, जावई फिन्ले आणि म्होरक्या टॉर्किल. झोपडी उबदार आहे. फिन्ले म्हणाला, "मामा, लापशी करपवलीत तर पक्ष्यांबरोबर तुम्हालाही खारवून नेऊ."

टॉर्किलने एकच नियम सांगितला. पक्षी फासाने धरायचा, हाताने मान मुरगळायची. दगडाने कधीच मारायचा नाही. इथे बुडालेले पक्षी होऊन परततात म्हणे, आणि ते खडकावर आपटूनच मेलेत. त्यांना तोच मार पुन्हा द्यायचा नाही.

लेक पेगीचे दिवस भरत आलेत. तिचा नवरा धड परत आणीन, असं कबूल करून आलोय.

बुधवार
रोज सकाळी एक लंगडा समुद्रपक्षी दारात येतो. फिन्ले टोपी काढून पहिला घास त्याला घालतो. फिन्लेचे वडील डाव्या पायाने अधू होते, इथेच बुडाले. "आमचे आबा," तो म्हणाला. "जेवणाची वेळ चुकवायचे नाहीत." टॉर्किल हसला, पण टोपी त्यानेही काढली होती.

शुक्रवार
दोघं कड्यावर होते. लंगडा आत शिरला, मांसावर बसला. हाकलला तर डोळ्यावर आला. दाराला लावायचा दगड हाताशी होता, तोच हाणला. डोकं फुटलं, तरी पंख किती वेळ आपटत होते. मी फिन्लेला सांगितलं. त्याने टोपी काढली ती पुन्हा घातली नाही. सोडून गेलेली होडी परत बोलवायला खुणेचा जाळ केलाय, पण समुद्र खवळलाय.

शनिवार
फिन्ले बोडक्या डोक्याने कड्यावरच्या पक्ष्यांची माफी मागायला निघाला. मी जातो म्हटलं. "आबा माझे आहेत, मामा. तुमचं नाही ऐकायचे."

सगळे पक्षी एकदम त्याच्यावर उतरले. आधी डोळे. मग तोंड झाकलेल्या बोटांची हाडं दिसायला लागली. टॉर्किल काठी घेऊन धावला. दोघंही कड्यावरून खाली — खडकावर —

रविवार
दाराला टोचतायत. तोच दगड लावून बसलोय. चुलीवरच्या लापशीकडे बघायचं सुचलं नाही —

सोमवार
टोचणं थांबलं. कुणीतरी टकटक करतंय. लापशी करपली का, मामा, म्हणतो. फिन्लेचाच आवाज —

फटीतून पाहिलं. पंख ओले. डोळे नाहीत —

घरी न्या म्हणतो. पेगीला मी कबूल केलंय — दगड जरा बाजूला —