चाळीस डब्या आणि आप्पा

२ मार्च, सकाळी ७
आजपासून वडिलांची काळजी शास्त्रशुद्ध. आप्पांच्या दोन खोल्यांत चाळीस सेन्सर चिकटवून आलो. काड्यापेटीएवढी डबी, अक्कल मुंगीची: समोर काही हललं की 'हो', नाहीतर 'नाही'. एकटीला आप्पा कळत नाहीत; चाळीस मिळून कळतात. माझा प्रबंध यावरच आहे. आप्पांनी विचारलं, यातल्या कुठल्या डबीशी बोलायचं? हसलो.

५ मार्च
ताईचा फोन. आप्पांना रोज संध्याकाळी फोन करतोस ना, म्हणाली. बंद केला, म्हटलं. त्यांचं उत्तर ठरलेलं: "बरा आहे रे." जे आधीच ठाऊक, त्यात माहिती शून्य. शून्यासाठी रोज दहा मिनिटं घालवणं ही अंधश्रद्धा, आणि अंधश्रद्धेविरुद्ध मी जन्मभर भाषणं ठोकली आहेत. ताई म्हणाली, त्या भाषणांना आप्पाच पहिल्या रांगेत असायचे. बाईला मुद्दा धरून बोलता येत नाही.

९ मार्च
डब्या फार बडबडतात. दिवसभर 'नाही, नाही'चा रतीब. प्रोग्राम सुधारला: बदल झाला तरच कळवायचं. बायको म्हणाली, त्यापेक्षा एकदा जाऊन या. रविवारी जाणार. ठाम.

१५ मार्च, रविवार
प्रकरण तिसरं अडलंय. पुढचा रविवार नक्की.

१७ मार्च
कालपासून एकही संदेश नाही. आप्पांना या वयात शिस्त लागली! विभागात आलेख दाखवला. सरळ रेघ. सगळ्यांनी वाखाणला.

१८ मार्च
अजून शांत. ताईला कळवलं, काही नवीन नाही.

१९ मार्च
दुपारी आप्पांच्या खाली राहणाऱ्या शिंप्याचा फोन. तीन दिवस वरून काठीचा आवाज नाही. आधी त्याला वाटलं, माझ्याकडे आले असतील. आज दार फोडलं. आप्पा न्हाणीघराच्या दाराशी. डॉक्टरांच्या मते पडले सोमवारी, गेले आज पहाटे.
ताईनं एवढंच विचारलं, "सोमवारी फोन केला असतास, तर कुणी उचलला असता?"
मी प्रोग्राम समजावू लागलो. ती उठून गेली.

२० मार्च
खोल्यांत माणसांची रीघ. चाळीसही डब्या बोलताहेत. खिशात मोबाइल सारखा थरथरतोय. इतकी माहिती एका दिवसात कधीच आली नव्हती.
बंद करायची सोय मी ठेवलेली नाही.