यजमानाच्या नावाचा व्हिसा

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

उपास. साबुदाणा गिचका झाला. केला नातसुनेनं, गौरीनं, आणि मी सांगते ते लिहितेयही तीच, तेव्हा इथे काय लिहायचं ते तिनं ठरवावं. मी गिचकाच म्हणणार.

गंगा वर चढलीय. राजा घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. विश्वास, माझा मुलगा, कार्याला गेला तो गुडघ्याएवढा भिजून आला.

दुपारी मेलबर्नहून नातवाचा, मुकुंदाचा फोन. (गौरी विचारते, दर वेळी अख्खं नाव लिहू का. नवऱ्याचं नाव लिहायला आता कोण लाजतं? बरं, मु. लिही.) चारच वाक्यं बोलला. तिकडे थंडी. हात फाटलेत. मी म्हटलं, खोबरेल लाव. तर म्हणाला, "आजी, दिवसभर साबणाच्या पाण्यात हात असले की खोबरेल काय करणार?"

नेलाय स्वयंपाकाला. व्हिसाच्या कागदावर 'कुशल स्वयंपाकी' असं आहे, मी तिघांकडून वाचून घेतलंय. माझ्या शेगडीपुढे उभा राहून शिकला तेव्हा त्याला कोणी कुशल म्हणालं नाही. सरकारचा शिक्का बसला तेव्हा कुशल झाला. आणि आता कुशल माणूस पातेली घासतोय.

६ ऑगस्ट

मु.चा मालक कोण, तर प्रमोदराव. आमचे यजमान. त्यांच्या आजोबांचं पिंडदान माझ्या सासऱ्यांनी केलं, वडिलांचं विश्वासनं. काशीत आले की आमच्याकडेच उतरणार, आमच्याकडेच जेवणार. वडिलांच्या अस्थी घेऊन आले तेव्हा मु.च्या हातची आमटी तीनदा मागून घेतली आणि म्हणाले, याला माझ्या हॉटेलात नेतो, कागदपत्रं सगळी मी करतो.

सगळ्यांत आधी हो म्हटलं ते मी. मग मु.नं. गौरीला कोणी विचारलंच नाही. (लिही, लिही. खरं आहे ते.)

यजमान वाकून नमस्कार करतो. मालक झाल्यावर कसा करेल? कंबरच मोडते.

९ ऑगस्ट

मु.नं दुसरं हॉटेल बघितलंय. तिथे खरंच शेगडीवर उभं करणार म्हणतात. पण त्याचा व्हिसा प्रमोदरावांच्या नावाच्या खुंटीला टांगलेला. नव्या मालकाचे कागद आधी मंजूर व्हायला हवेत, मगच या खुंटीवरून काढून त्या खुंटीला लावता येईल. तोवर कुठे बोलायचं नाही. मला वेगळं बजावलं: "आजी, इथे आधी कळलं तर हे मला काढून टाकतील. मग थोड्याच महिन्यांत दुसरा मालक शोधा, नाहीतर परत या." दिवाळीनंतर गौरी जायची आहे, तेही याच खुंटीवर. तिनं शाळेत सोडणार म्हणून सांगूनही ठेवलंय.

मी म्हटलं, माझं तोंड म्हणजे काय गल्लीतली चहाची टपरी, सदा उघडी असायला? गौरी हसली. लिहिताना पुन्हा हसतेय.

१३ ऑगस्ट

नाशिकहून शांतावहिनींचा फोन. प्रमोदरावांच्या आई. दर वर्षी पितृपक्षाच्या आधी करतात, नवऱ्याच्या तिथीला कधी येऊ विचारायला. त्यांचे गुडघे, माझे गुडघे. बरंच बोलणं झालं. बाकी विशेष नाही.

१८ ऑगस्ट

मी गवार मोडत होते. गौरी आतल्या खोलीत फोनवर. बाहेर आली ती फोन हातात तसाच घेऊन.

प्रमोदरावांनी मु.ला बोलावून सांगितलं की आम्हाला तुझी गरज नाही, तसं सरकारला कळवलंय. नव्या हॉटेलाचे कागद अजून गेलेच नव्हते. आता तेही बिचकलेत, म्हणतात नंतर बघू.

प्रमोदरावांना कळलं कसं? मु. म्हणतो, स्वयंपाकघरातलं कोणीतरी बोललं असणार. गौरीनं त्या कोणीतरीला अशा शिव्या दिल्या की मला वाटलं, शिक्षिका आहे की घाटावरची नावाडीण. शिवाय मु.चा निरोप: घरून कोणी प्रमोदरावांना फोन करायचा नाही. माझ्यासाठी कोणापुढे हात जोडायचे नाहीत.

शिरा काढता काढता मी शेंगा टाकल्या आणि शिरा ठेवल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१९ ऑगस्ट

आज काही नाही.

२१ ऑगस्ट

आज काही नाही. गौरी विचारते, बरं नाही का. बरी आहे.

२४ ऑगस्ट

दोनदा सुरुवात केली आणि दोनदा पाणी मागितलं. आता लिही गौरी, आणि संपेपर्यंत मान वर करू नकोस.

शांतावहिनींना मी सांगितलं.

लबाडी नव्हती. गुडघ्यांवरून बोलणं हातांवर आलं. मी म्हटलं, तुमच्या प्रमोदकडे पोराचे हात पार फाटले हो, आता तो दुसरीकडे जाणार आहे, पण मनात अढी धरून नाही, तर प्रमोदला म्हणावं आशीर्वाद देऊन सोड. या शब्दांत. त्यातला 'आशीर्वाद' मला तेव्हा फार शोभून दिसला.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूनं पहिली गोष्ट शिकवली, की यजमानाच्या घरापासून काही लपवायचं नाही. कोण दत्तक गेलं, कोणाचं मूल पोटातच गेलं, कोण घर सोडून गेला, सगळं ते आपल्याला सांगतात, कारण पिंड कोणाच्या नावानं द्यायचा ते चुकता कामा नये. आपणही त्यांना आपलं सांगायचं. तसं वर्षानुवर्षं सांगत आले. यजमान मालक झाला हे तुम्हां सगळ्यांना चांगलं सांगत होते गं मी, इथे लिहवूनही घेतलं. फोन कानाला लावला आणि मलाच आठवलं नाही.

मला अक्षर येत नाही, पण पेन थांबलेलं ऐकू येतं. 'सांगितलं' वर थांबलं होतं. मग गौरी म्हणाली, "पुढे?" आणि चाललं.

शेवटी मी म्हटलं, वाचून दाखव. वाटलं, काही गाळेल. काही गाळलं नाही.

मग चहा घेऊन आली. साखर बरोबर होती. त्याचंच फार लागलं.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. हो आजी, नाही आजी, नारळ खवलाय आजी. गौरी एवढंच बोलते. मी म्हटलं, तुझ्या मोदकाला कळ्या की सुरकुत्या? हसली नाही. आजवर मी थट्टा केली की लोक हसायचे, ती मेहेरबानी होती की काय कोण जाणे.

जाता जाता दारातून मु.बद्दल म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगा."

२ सप्टेंबर

मु.चा दोनदा फोन येऊन गेला. पहिल्या वेळी मी मोदकाच्या उकडीबद्दल बोलले, दुसऱ्या वेळी कोणती आरती कोणी चुकवली त्याबद्दल. तोही हसला. तिकडे एका ओळखीच्याच्या खोलीत जमिनीवर झोपतो, हॉटेलं हिंडतो. मालकांना हात पसंत पडतो. कागदांचा खटाटोप म्हटलं की मागे सरतात.

विश्वास म्हणतो, आई, पोर लांब आहे, आता सांगून काय, पोटात ठेव. पोटात ठेवायची सवय असती तर हे झालं असतं का रे.

८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. माणसं येतायत. गौरी शाळेतून आली की वाढायला उभी राहते. शाळेत आता तिला विचारतात, नक्की कधी जाणार. ती म्हणते, जाऊ. मी ऐकते.

११ सप्टेंबर

शांतावहिनी आल्या.

नको म्हणता येतं का? पितरांसाठी आलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवणार. विश्वासनं घाटावर त्यांच्या नवऱ्याचं श्राद्ध केलं, मी इथे वडे, खीर, आमसुलाची चटणी, भोपळा. हात चालत होते. हातांना लाज नसते, बरं असतं.

जेवायला बसल्या. गौरी वाढत होती. वहिनी म्हणाल्या, "अहो, मी प्रमोदला त्याच दिवशी सांगितलं की पोर जायचं म्हणतंय, नीट निरोप दे. मला वाटलं, शालबिल देईल." मग घास तसाच ठेवून रडल्या. त्यांनाही मुलगा मालक झाल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. दोन म्हाताऱ्या, एक नाशकात, एक काशीत, आशीर्वाद वाटत बसलेल्या.

डोळे पुसून म्हणाल्या, "मी सांगते त्याला. तुम्ही फक्त म्हणा, वहिनी, सांगा. माझा शब्द मोडणार नाही तो. परत ठेवून घेईल."

गौरीच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एक शब्द म्हणायचा होता. व्हिसा वाचला असता, दिवाळीही झाली असती. आणि मु. पुन्हा साबणाच्या पाण्यात, पण आता आजीनं पदर पसरून मिळवलेल्या.

मी म्हटलं, "वहिनी, खीर घ्या."

घेतली त्यांनी.

मागाहून आम्ही जेवायला बसलो तर गौरीनं माझ्या पानात न विचारता दोन वडे टाकले. बरोबर केलं की चूक, मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर

सांगितलं. मु.ला. फोन लावल्या लावल्या, नमस्कार-चमत्काराच्या आधी. म्हटलं, स्वयंपाकघरातलं कोणी नव्हतं, मी होते.

तो मग म्हणाला, "मला माहीत होतं गं आजी. प्रमोदरावांनी तेव्हाच सांगितलं. तुझ्या आजीनंच माझ्या आईला सांगितलं, म्हणाले."

म्हणजे मी त्याला उकड शिकवत होते तेव्हा त्याला माहीत होतं. आरती कोणी चुकवली त्यावर हसला, तेव्हाही माहीत होतं. मी समजत होते की मी लपवतेय. लपवत होता तो, मला, माझ्यापासूनच. मला वाटायचं, या घरात थट्टा मीच करते.

गौरीला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, नाही, मलाही स्वयंपाकघरातलं कोणीतरीच सांगितलं. एवढं लिहून तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. तिचं आणि त्याचं ते काय बोलणं व्हायचंय ते होईल. त्यात मी बोलणार नाही.

मी तिला म्हटलं, रागाव ना माझ्यावर, शिव्या दे त्या नावाडणीच्या. तर म्हणाली, "छोड़िए ना आजी." आणि मग, मराठीत, "आत्ता नाही जमणार."

आत्ता नाही. बरं.

१९ सप्टेंबर

मु.ला उद्या एका लांबच्या गावी बोलावलंय. समुद्रकाठचं छोटं हॉटेल आहे, बाई चालवते. एक पदार्थ करून दाखव म्हणाली, आवडला तर कागदांचं बघू. बघू म्हणाली, करू म्हणाली नाही. दिवस सरतायत.

आमटी करणार आहे. विचारत होता, तिकडच्या लोकांना चिंच घालू की आमसूल. जिभेच्या टोकावर होतं. म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तो म्हणाला, "आजी, तुझी तब्येत बरी आहे ना?"

काय ठरवलं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. केवढं जड गेलं ते गौरीला विचारा.

आता हे लिहीत असतानाच फोन वाजतोय. गौरी बघून म्हणते, नाशिक. शांतावहिनी. म्हणजे मी 'सांगा' म्हटलं नाही तरी त्यांनी मुलाला सांगितलं असेल. त्यानं ऐकलं असेल किंवा आईलाच बोलला असेल. किंवा नुसते गुडघे असतील.

गौरी विचारते, "आजी, घेणार?"

तू घे, गौरी. मी इथेच बसते. पेन खाली ठेव, पुढचं नाही लिहिलं तरी चालेल.