धनराजच्या नावे काही न ठेवण्याबाबत

मी लताबाई कारभारी कापडणीस, वय त्रेसष्ट, राहणार पंचवटी, नाशिक. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी शिकवून दिलेले नाही, आणि हे मी माझ्याच हाताने लिहीत आहे. शाळा दुसरीत सुटली. पुढचे वाचन पेपरांवर शिकले. शब्द चुकला तरी अर्थ सरळच धरावा.

१. पंचवटीतले दोन खोल्यांचे घर माझे मालक वारल्यावर मी जेवणाचे डबे करून घेतले. ते माझी सून तृप्ती हिला एकटीला द्यावे. एकुलता मुलगा धनराज याच्या नावे मी काही ठेवत नाही. का, ते लिहिते.

तो जहाजावर इंजिनाचा फिटर. युद्ध पेटले तेव्हा लढणाऱ्या देशाचे तेल घ्यायचे नाही असे मोठ्या देशांनी ठरवले. तेल थांबले नाही. चांगल्या कंपन्या बाजूला झाल्या आणि भंगारात निघालेली जहाजे नाव बदलून, खोटा झेंडा लावून तेच तेल वाहू लागली. काम शोधणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही. गेल्या श्रावणात धनराजच्या अशाच एका जहाजाच्या इंजिनखोलीत आग लागली. सोबतच्या खलाशाचा फोन आला, "माई, आम्ही वरून उड्या मारल्या. धनराज खालीच होता."

देह आला नाही. जहाजाचा मालक म्हणतो, असे जहाज आमचे नाही. झेंड्याचा देश म्हणतो, आमच्या दप्तरी नाही. म्हणून मृत्यूचा दाखला नाही. वकील म्हणाले, सात वर्षे त्याला बेपत्ताच धरतील. तोवर त्याच्या नावे ठेवलेले घर तृप्तीच्या हाती लागणार नाही. तो आलाच, तर बायकोच्या घरात येईल.

२. पुतण्या संतोष याला काही नाही. आतल्या खोलीला त्याने कुलूप लावले. "काकू, दादा येईल. त्याची खोली मी सांभाळतो."

तृप्ती म्हणाली, "भाऊजी, मग चावी द्या ना."

"दादाच्याच हातात देईन, वहिनी."

आता तिथे त्याच्या दुकानाचे खोके आहेत. दशक्रियेचा विषय काढला तर म्हणाला, "जित्या पोराचं पिंडदान करती का गं काकू?" मी विषय सोडून दिला, कारण मलाही तेच ऐकायचे होते. ते कुलूप तोडून त्याचे खोके त्याला द्यावेत.

३. संक्रांतीला गल्लीतल्या बायकांनी तृप्तीला हळदीकुंकवाला बोलावले नाही, आणि तिच्याजवळ बसून कोणी रडलेही नाही. "आई, मी नक्की कोण?" तिने विचारले. मी भांडी घासत राहिले. तिने मंगळसूत्र ठेवावे किंवा काढावे, दुसरे लग्न करावे; घर तिचेच.

४. येत्या अमावास्येला गोदाकाठी दर्भाचा पुतळा करून मी धनराजला अग्नी देणार आहे. त्याआधी माझे काही झाले तर तृप्तीने द्यावा. संतोषने हात लावू नये.

कोणत्याही कचेरीत चालणार नाही, तरी त्याची आई म्हणून लिहून देते : माझा मुलगा धनराज मरण पावला आहे.

लताबाई कारभारी कापडणीस

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी वाचून सही केली :
सहादू भिका पगार, शेजारी
संजना देवरे, शिक्षिका

पंचवटी, नाशिक
११ फेब्रुवारी २०२६