नवसाबाईंच्या फरशीचा रिले

८ डिसेंबर

नाही म्हणजे नाही! फरशी तापवणारी वीज चालू-बंद करायला सोळा अँपिअरचा तो चिमुकला रिले मी नवसाबाईंच्या खोलीला लावणार नाही. राकेश म्हणतो, "मॅडम, लोड चौदाचा, रिले सोळाचा. अजून काय पाहिजे?" अरे बाबा, थंडीभर तो दिवसरात्र चालू-बंद होणार. एक दिवस आतले कॉन्टॅक्ट चिकटले की फरशी तापतच राहणार!

राकेश नवसाबाईंच्या बंगल्याचा वायरिंगवाला. मी बावीस वर्षं सातपूरला विजेची पॅनेल बांधते. तरी साइटवर माझं नाव काय, तर "मॅडमना भीती वाटते". वाटते! मग?

९ डिसेंबर

दिंडोरीला जाऊन आले. नवसाबाईंच्या मुलानं, महेशभाऊंनी, आईला थंडी सोसत नाही म्हणून तिच्या खोलीत फरशीखाली हीटिंगची केबल टाकलीय. कौतुकच आहे. पण नवसाबाई उभ्या जन्मात पलंगावर झोपलेल्या नाहीत. खाली दोन गोधड्या, बस्स. गोधडीखाली उष्णता कोंडते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही! त्यात शुगरमुळे त्यांच्या तळपायांना काही कळत नाही. मागच्या वर्षी निखाऱ्यावर पाय पडला, ते वास आल्यावर समजलं.

निघताना अंगणात माझी चप्पल निसटली. मी आपली तशीच चार पावलं पुढे. राकेश मागून घेऊन आला — "मॅडम, आधी चप्पल सांभाळा!" तो आणि महेशभाऊ हसले. ओट्यावर बसलेल्या नवसाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पट्टा सैल झालाय, दुसरं काय.

१२ डिसेंबर

महेशभाऊंचा फोन. "ताई, रिलेऐवजी तुम्ही म्हणता तो मोठा स्विच, कॉन्टॅक्टर, खट्ट वाजतो म्हणे. आईची झोपमोड होईल. तो बिनआवाजाचा इलेक्ट्रॉनिक रिले टाका ना."

बिनआवाजाचा! तो बिघडला तर बहुतेक वेळा चालूच राहतो — तेही गुपचूप. स्पष्ट सांगितलं. छोट्या रिलेनं फक्त कॉन्टॅक्टर चालू करायचा, लोड सगळा कॉन्टॅक्टरवर. शिवाय गोधडी अंथरतात तिथे फरशीत तापमान बघणारा वेगळा सेन्सर. जास्त तापलं की दुसरा कॉन्टॅक्टर लाईन तोडणार, आणि हातानं बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. मागून राकेशचा आवाज — "विहिरीवर लावतो तसा ऑटो लावू, लाईट आली की आपोआप चालू." विहिरीची मोटार आणि आईची खोली एकच का रे?

पटत नसेल तर दुसरं कुणी बघा, म्हटलं. ठेवला फोन.

१३ डिसेंबर

फोन नाही. नसू दे.

१५ डिसेंबर

खुद्द नवसाबाईंचा फोन! "तुला जे बसवायचं ते बसव. वाजलं तं वाजू दे. कोनतरी राखणीला हाय आसं वाटंल." जिंकले!

१९ डिसेंबर

पॅनेल बसलं. चाचणीसाठी थर्मोस्टॅट मुद्दाम बाजूला काढून केबल सलग चालू ठेवली, गोधड्या अंथरल्या, पाय गोधडीखाली सारून अनवाणी उभी राहिले. बराच वेळ झाला, फरशी गार! आणि दुसरा कॉन्टॅक्टर मात्र खट्ट करून सुटला, लाईन बंद. म्हणजे राकेशनं सेन्सर केबलला चिकटवून पुरलाय, फरशीआधी तोच तापतोय! सगळ्यांदेखत झापलं त्याला. तो आपला एकच — "मॅडम, तापलीय हो फरशी. हात लावून बघा." मी याच्यापुढे वाकू? पायांना कळतं म्हटलं मला!

उद्या नवसाबाईंसमोरच दाखवते.

२० डिसेंबर

पुन्हा तापवली. मी तशीच उभी. नवसाबाई शेजारी बसल्या, माझ्या पायाशी फरशीवर तळहात टेकवला — आणि झटकन उचलला. "पोरी, पाय काढ! लय तापलीय!"

मला काहीच नाही.

खट्ट — कॉन्टॅक्टर सुटला. राकेश आज हसला नाही. नवसाबाईंनी माझा पाय मांडीवर घेतला, तळव्यावरून हात फिरवला.

"माझी बी आधी चप्पलच निसटायची."